भारतभेटीत अमेरिकेच्या फोनवरील व्हॉइसमेल कसा ऐकावा

अमेरिकेत नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर नव्याने आलेल्या मराठी माणसाला ज्या सवयी लावून घ्याव्या लागतात, त्यांत व्हॉइसमेलची सवय बरीच उशिरा लागते. आपल्याकडे फोन उचलला गेला नाही तर मिस्ड कॉल दिसतो आणि ज्याला गरज असेल तो पुन्हा फोन करतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द टाकतो. अमेरिकेतील दवाखाने, शाळा, औषधांची दुकाने, बँका, भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहणारी कार्यालये आणि व्हिसाचे काम करणारे वकील मात्र फोन उचलला गेला नाही की व्हॉइसमेलवर निरोप ठेवतात आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचला असे धरून पुढच्या कामाला लागतात. तपासणीची तारीख बदलली आहे, बर्फ काढण्यासाठी पार्किंगमधली गाडी हलवायची आहे, वकिलाला दोन दिवसांत एखादा कागद हवा आहे, असे निरोप मग कोणी ऐकेपर्यंत तसेच पडून राहतात.

भारतात सुट्टीवर गेल्यावर हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण अमेरिकेतील कचेऱ्यांची वेळ ही आपली झोपेची वेळ असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतील सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे भारतात संध्याकाळी ७.३० ते पहाटे ३.३०, कॅलिफोर्नियातील तीच वेळ भारतात रात्री १०.३० ते सकाळी ६.३० अशी पडते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे त्या काळात हा फरक एका तासाने कमी होतो. एकूण काय, तिकडून आलेले बहुतेक फोन आपण उचलणार नाही हे धरूनच तयारी केली पाहिजे, आणि ती तयारी विमानात बसण्यापूर्वी झाली पाहिजे. या लेखात एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल या अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवले आहे. कॅनडा, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातील वाचकांना तत्त्व हेच लागू पडेल, बटणे आणि दर तेवढे वेगळे असतील.

आधी समजून घ्यायची गोष्ट

व्हॉइसमेल तुमच्या फोनमध्ये नसतो. तो फोन कंपनीच्या यंत्रणेत असतो, आणि ही यंत्रणा अमेरिकेतच राहते. इमारतीच्या तळमजल्यावरची टपालपेटी जशी मालक गावाला गेला तरी जागेवरच राहते, तसेच हे आहे. तुम्ही सांगलीत असा किंवा फोन बंद करून कपाटात ठेवलेला असो, निरोप त्या पेटीत जमा होत राहतात. त्यामुळे फोन चालू ठेवला नाही तर निरोप बुडतील ही भीती निराधार आहे. खरा प्रश्न दोनच गोष्टींचा आहे: त्या पेटीपर्यंत भारतातून पोहोचायचे कसे, आणि पोहोचताना उगाच पैसे जाऊ नयेत म्हणून काय करायचे.

पैशांचा मुद्दा नवख्या प्रवाशाच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. तुमचे अमेरिकेचे सिम भारतात रोमिंगवर चालू असेल आणि कोणी तुम्हाला फोन केला, तर तो फोन अमेरिकेतून भारतातल्या नेटवर्कपर्यंत येतो आणि तुमच्या उशाशी वाजतो. तुम्ही तो उचलत नाही. मग हाच फोन व्हॉइसमेलमध्ये निरोप ठेवता यावा म्हणून भारतातून पुन्हा अमेरिकेला पाठवला जातो. म्हणजे निरोप ठेवणारा न्यू जर्सीत, पेटीही अमेरिकेत, आणि आवाज मात्र भारताला वळसा घालून जातो. काही योजनांमध्ये या वळशाचे पैसे ग्राहकाकडून घेतले जातात: येणाऱ्या फोनचे रोमिंग आणि परत जाणारा आंतरराष्ट्रीय फोन, असे दोन्ही. फोन न उचलता बिल येते ते असे. युरोपीय संघाने १ जुलै २०१० पासून रोमिंगवरील ग्राहकाला संघाच्या हद्दीत व्हॉइसमेलवर निरोप आल्याबद्दल आकार लावायला मनाई केली, ती ग्राहकांना असा भुर्दंड पडू नये म्हणूनच. अमेरिकेच्या कंपनीचे ग्राहक भारतात असताना त्यांना हे संरक्षण नसते.

तोच फोन बंद असेल किंवा कोणत्याच परदेशी नेटवर्कला जोडलेला नसेल, तर अमेरिकेतील यंत्रणा येणारा फोन तिथल्या तिथे व्हॉइसमेलकडे वळवते. भारताचा संबंधच येत नाही, आकार लागण्याचा प्रश्नही येत नाही. पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर अवलंबून आहेत.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी व्हॉइसमेलला पासवर्ड, म्हणजे आकडी पिन, लावून घ्यावा. अमेरिकेत असताना आपल्याच फोनवरून १ हे बटण दाबून धरले की बहुतेक वेळा पेटी थेट उघडते, काही कंपन्या पिन विचारतही नाहीत, आणि त्यामुळे आपण पिन कधी ठरवला होता की नाही हेच अनेकांना आठवत नाही. दुसऱ्या फोनवरून पेटी उघडायची झाली की मात्र पिनशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. भारतात गेल्यावर पिन बदलायचा म्हटले तर कंपनीच्या संकेतस्थळावर शिरावे लागते, तिथे ओळख पटवण्यासाठी ओटीपी मागितला जातो आणि तो ओटीपी त्याच बंद ठेवलेल्या अमेरिकी क्रमांकावर जातो. या फेऱ्यात अडकायचे नसेल तर पिन अमेरिकेतच बदलून घ्यावा. १२३४, ००००, जन्मवर्ष किंवा फोन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वापरू नयेत. याचे कारण पुढे येईलच.

पिन ठरवल्यावर लगेच चाचणी घ्यावी, आणि ती चाचणी दुसऱ्याच्या फोनवरून घ्यावी. आपला फोन बंद करावा, खोलीतल्या मित्राचा किंवा घरातल्या माणसाचा फोन घ्यावा आणि आपलाच दहा आकडी क्रमांक लावावा. आपल्याच आवाजातले किंवा कंपनीचे ठरीव ग्रीटिंग, म्हणजे निरोप ठेवायला सांगणारे सुरुवातीचे बोल, ऐकू येऊ लागेल. ते संपण्याची वाट न पाहता, ते चालू असतानाच एटी अँड टी आणि टी-मोबाइलवर स्टारचे बटण दाबावे, व्हेरायझनवर हॅशचे. यंत्र पिन विचारते. पिन टाकला की निरोप ऐकू येतात. काही यंत्रणांना पिननंतर हॅश दाबलेला लागतो. ग्रीटिंग मध्येच तोडायचे असते ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. नवखा माणूस ते सगळे ऐकून घेतो, मग टूं असा आवाज येतो आणि तो स्वतःच्याच पेटीत स्वतःचा श्वास मुद्रित करून बसतो. ही चाचणी एकदा यशस्वी झाली की भारतातल्या कोणत्याही फोनवरून पेटी उघडता येईल याची खात्री बाळगावी, कारण तिथे करायचे ते हेच, फक्त क्रमांकाआधी +१ लावून.

दुसरी तयारी वाय-फाय कॉलिंगची, म्हणजे मोबाइल नेटवर्कऐवजी वाय-फायवरून फोन करण्या-घेण्याची. फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय असते आणि ती चालू करताना कंपनी आणीबाणीसाठी अमेरिकेतील एक पत्ता भरून घेते. हे कामही अमेरिकेतच उरकावे. त्याचबरोबर आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर वाय-फाय कॉलिंग कोणकोणत्या देशांत चालत नाही याची यादी पाहून घ्यावी, कारण काही कंपन्या काही देशांत ही सोय बंद ठेवतात. यादीत भारताचे नाव असेल तर खाली दिलेल्या पहिल्या मार्गाच्या नादी न लागता सरळ तिसऱ्याची तयारी करावी.

आयफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. २०२३ च्या आयओएस १७ पासून लाइव्ह व्हॉइसमेल नावाची सोय अमेरिकेत आली. तीत येणारा फोन तुमचा आयफोनच घेतो, बोलणाऱ्याचे शब्द पडद्यावर उमटतात आणि निरोप फोनमध्ये साठतो. तो कंपनीच्या पेटीत जात नसल्यामुळे दुसऱ्या फोनवरून ऐकता येत नाही. एरवी ही सोय चांगली आहे, परंतु प्रवासात सगळे निरोप एकाच ठिकाणी असलेले बरे, म्हणून निघण्याच्या दिवशी ती बंद करावी असे माझे मत आहे.

राहिलेल्या बाबी थोडक्यात. पेटीतले जुने निरोप पुसून टाकावेत, कारण पेटीची क्षमता मर्यादित असते आणि ती भरली की फोन करणाऱ्याला निरोप ठेवताच येत नाही. शिवाय निरोप काही आठवड्यांनी आपोआप पुसले जातात, म्हणून महिनाभराच्या मुक्कामात एकदाही पेटी न उघडणे योग्य नाही. आपला फोन हप्त्यांवर घेतलेला असेल तर तो बहुधा कंपनीने लॉक केलेला असतो आणि त्यात भारतीय सिम चालत नाही, हे आधीच विचारून घ्यावे. नवे ग्रीटिंग मुद्रित करायचे असल्यास त्यात ‘मी महिनाभर भारतात आहे’ असे सांगू नये. घर रिकामे असल्याची ती जाहीर सूचना ठरते. ‘सध्या फोन घेणे शक्य नाही, तातडीचे काम असल्यास कृपया ईमेल करावा’ एवढे पुरते, आणि ईमेलचा पत्ता सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगावा. ग्रीटिंग इंग्रजीतच असावे, कारण ते ऐकणारी माणसे दवाखान्यातली आणि बँकेतली असणार आहेत.

पहिला मार्ग: वाय-फाय कॉलिंग

भारतात उतरण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर असतोच. तो तसाच ठेवावा. घरी पोहोचल्यावर एअरप्लेन मोड न काढता फक्त वाय-फाय चालू करावे आणि घरच्या राउटरला जोडून घ्यावे. मिनिटभरात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावापुढे वाय-फाय असे दिसू लागते. याचा अर्थ असा की तुमचा फोन इंटरनेटवरून अमेरिकेतील नेटवर्कला थेट जोडला गेला आहे आणि मधले भारतीय नेटवर्क वगळले गेले आहे. आता १ हे बटण दाबून धरले, व्हेरायझनवर *८६ लावले, तरी पेटी अमेरिकेत असल्यासारखीच उघडते. तिन्ही मोठ्या कंपन्या वाय-फायवरून अमेरिकी क्रमांकांना केलेले फोन देशांतर्गत धरतात. रात्री कोणी फोन केला आणि तुम्ही तो उचलला नाही, तर वर सांगितलेला वळसाही पडत नाही. बँकांचे ओटीपीही बहुधा याच मार्गाने येतात, हा आणखी एक फायदा.

एक खबरदारी अत्यंत आवश्यक आहे. या अवस्थेत तुमचा फोन स्वतःला अमेरिकेत समजतो. पुण्यात बसून शेजारच्या वाण्याला किंवा रिक्षावाल्याला त्याच फोनवरून त्याच्या भारतीय क्रमांकावर फोन केला, तर कंपनी तो अमेरिकेतून भारताला केलेला आंतरराष्ट्रीय फोन म्हणून धरते आणि तसा आकार लावते. स्थानिक फोन स्थानिक सिमवरूनच करावेत.

इथे एक अडचण येते. एकाच फोनमध्ये अमेरिकेचे ई-सिम आणि भारतीय सिम असे दोन्ही असतील, तर एअरप्लेन मोड दोघांनाही बंद करतो. मग घराबाहेर पडल्यावर भारतीय सिम हवे म्हणून एअरप्लेन मोड काढला की अमेरिकेचे सिमही रोमिंग शोधू लागते. यावर मला सर्वांत सोयीचा वाटणारा उपाय म्हणजे घरातला एक जुना फोन. भारतीय सिम त्या जुन्या फोनमध्ये घालून तो खिशात बाळगावा आणि अमेरिकेचा फोन एअरप्लेन मोडवर, वाय-फायला जोडून घरी ठेवावा. रात्री जेवणानंतर एकदा आणि सकाळी एकदा तो पाहिला की काम झाले. दुसरा फोन नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन अमेरिकेची लाइन तेवढी बंद करता येते आणि घरी आल्यावर एअरप्लेन मोड लावून, वाय-फाय जोडून पुन्हा चालू करता येते. यात फक्त विसरण्याचा धोका आहे. आणि सिम कोणतेही असो, डेटा रोमिंगचे बटण अमेरिकेच्या लाइनसाठी बंदच असू द्यावे.

ज्या गावात वीज जाते तिथे राउटरही बंद पडतो. इन्व्हर्टरवर राउटरची जोडणी आहे का हे घरच्यांना आधीच विचारून ठेवावे, कारण अमेरिकेतील कचेऱ्या उघड्या असतात तो वेळ म्हणजे नेमकी आपली रात्र.

दुसरा मार्ग: पडद्यावर दिसणारी यादी

२००७ मध्ये पहिला आयफोन एटी अँड टीच्या जाळ्यावर आला तेव्हा त्याच्याबरोबर व्हिज्युअल व्हॉइसमेल आला: निरोपांची यादी पडद्यावर दिसते, हवा तो निरोप दाबून ऐकता येतो, आधीचे सगळे ऐकावे लागत नाहीत. अँड्रॉइड फोनवरही बहुतेक कंपन्यांची अशी सोय आहे. भारतात ही यादी ताजी होईल की नाही हे कंपनीवर अवलंबून असते. काही कंपन्यांच्या यंत्रणेत ती वाय-फायवर चालते, काहींत तिला कंपनीचा स्वतःचा मोबाइल डेटाच लागतो, आणि तो म्हणजे रोमिंग. अमेरिकेतच घरी मोबाइल डेटा बंद करून, फक्त वाय-फाय चालू ठेवून, दुसऱ्या कोणाला निरोप ठेवायला सांगावे. तो यादीत आला तर भारतातही येण्याची चांगली शक्यता आहे. यादी रिकामी दिसली म्हणजे निरोप आलेच नाहीत असे समजू नये. पेटीत फोन करून खात्री करावी.

निरोपाचे लेखी रूपांतर वाचूनच समाधान मानणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी निरोपांसाठी ते बऱ्यापैकी चालते, मात्र आकडे, औषधांची नावे आणि आपली आडनावे यांची त्यात वाट लागते. तारीख, रक्कम किंवा फोन क्रमांक असेल तर निरोप कानाने ऐकावा.

तिसरा मार्ग: भारतातील कोणत्याही फोनवरून

हा मार्ग सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे, कारण यात ना इंटरनेट लागते ना तुमचा फोन. आईच्या किंवा भावाच्या फोनवर आयएसडीची सोय चालू आहे का आणि अमेरिकेला मिनिटाला किती पडतात एवढे त्यांच्या कंपनीकडून विचारून घ्यावे. मग पुढीलप्रमाणे करावे.

अमेरिकेचा फोन चालू असेल तर आधी तो बंद करावा आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. हे विसरल्यास तुमचाच फोन तुमच्या समोर वाजू लागतो. नंतर आईच्या फोनवर शून्याचे बटण दाबून धरावे, म्हणजे अधिकचे चिन्ह उमटते. त्यापुढे १ आणि आपला दहा आकडी अमेरिकी क्रमांक लावावा. अधिकचे चिन्ह मिळत नसेल, उदाहरणार्थ घरच्या लँडलाइनवर, तर ००१ लावून पुढे क्रमांक फिरवावा. अमेरिकेतून बाहेर फोन करताना वापरतात तो ०११ हा आकडा इथे चालत नाही.

ग्रीटिंग सुरू होताच कीपॅड उघडून स्टार किंवा हॅश दाबावे, पिन टाकावा. हाताशी कागद आणि पेन आधीच घेऊन बसावे. पहिल्यांदा निरोप ऐकताना फक्त कोणाचा आहे आणि कशाबद्दल आहे ते लिहावे, दुसऱ्यांदा ऐकताना क्रमांक लिहावा. अमेरिकी माणूस क्रमांक तीन, तीन आणि चार आकड्यांच्या गटांत सांगतो आणि बरेचदा निरोपाच्या अगदी शेवटी, घाईघाईने सांगतो. त्यापुढे एक्स्टेन्शन असेल तर तेही टिपून घ्यावे. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांवर साधारणपणे ७ दाबल्यास निरोप पुसला जातो आणि ९ दाबल्यास जपून ठेवला जातो, तरीही यंत्र सांगते ते ऐकूनच बटण दाबावे. काम पूर्ण होईपर्यंत कोणताही निरोप पुसू नये.

आकडे दाबूनही यंत्र ओळखत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये डायल करताना कीपॅडचा आवाज बंद आहे म्हणून असे होते असे अनेकांना वाटते. तो आवाज फक्त आपल्या कानासाठी असतो. यंत्रणेकडे जाणारे सूर वेगळे असतात. बहुधा कारण एवढेच असते की आकडे फार भराभर दाबले गेले. सावकाश दाबावेत, किंवा फोन ठेवून पुन्हा लावावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून ही पेटी उघडत नाही, कारण तिथून साध्या फोन क्रमांकाला फोन लागत नाही. जुन्या सल्ल्यांमध्ये या कामासाठी स्काइप सुचवलेले आढळते. स्काइप ५ मे २०२५ पासून बंद झाले आहे.

रोमिंगवर ऐकणे

अमेरिकेचे सिम भारतीय नेटवर्कवर चालू ठेवून पेटी उघडणे हा मार्ग तातडीच्या वेळी आहेच, पण तो शेवटचा समजावा. एटी अँड टी आणि व्हेरायझन यांच्या दैनिक रोमिंग योजनांमध्ये दिवसातला पहिला फोन केला किंवा डेटा वापरला की त्या संपूर्ण दिवसाचा आकार लागू होतो, तो साधारण १० ते १२ डॉलरच्या घरात असतो, आणि पेटीला केलेला एक मिनिटाचा फोनही त्यात फोन म्हणूनच मोजला जातो. टी-मोबाइलच्या अनेक योजनांमध्ये परदेशात फोनचा दर मिनिटाला २५ सेंट आहे, म्हणजे चार मिनिटांच्या निरोपांना एक डॉलर. ते परवडण्याजोगे आहे. निघण्यापूर्वी आपल्या योजनेचा चालू दर पाहून तो कागदावर लिहून घ्यावा.

निरोप ईमेलवर मागवणे

ज्यांचे काम निरोपांवर खरोखर अवलंबून आहे, त्यांनी गूगल व्हॉइसचा विचार करावा. २००९ मध्ये सुरू झालेली ही सेवा अमेरिकेतील एक क्रमांक विनामूल्य देते आणि त्यावर आलेला निरोप लेखी रूपांतरासह ईमेलवर पाठवते. तो क्रमांक घेताना तुम्ही अमेरिकेत असणे आणि तुमच्याकडे अमेरिकेचा चालू फोन असणे आवश्यक आहे. क्रमांक मिळाल्यावर आपल्या मूळ फोनवर न उचललेले फोन त्याच्याकडे वळवायचे असतात. एटी अँड टी आणि टी-मोबाइलवर **००४*१ यापुढे गूगल व्हॉइसचा दहा आकडी क्रमांक आणि शेवटी # लावून फोन करावा. व्हेरायझनवर *७१ यापुढे तो क्रमांक. एटी अँड टी आणि टी-मोबाइलवर हे करण्याआधी *#६१# लावून निरोप सध्या कोणत्या क्रमांकाकडे जातात ते पाहून लिहून ठेवावे. गूगल व्हॉइसच्या सेटिंगमध्ये जाऊन आलेला फोन पुन्हा मूळ फोनवर वाजणार नाही अशी व्यवस्थाही करावी, अन्यथा फोन एकमेकांकडेच फिरत राहतात. प्रीपेड आणि लहान कंपन्यांच्या जोडण्यांवर फोन वळवण्याची मुभा अनेकदा नसते. मुभा असली, तरी भारतात अमेरिकेची लाइन बंद किंवा वाय-फायवर ठेवण्याचा नियम इथेही पाळावा, नाहीतर वळसा तोच पडतो.

सुरक्षिततेबद्दल

सोपा पिन किती महागात पडतो याचे सर्वज्ञात उदाहरण इंग्लंडचे आहे. तिथल्या न्यूज ऑफ द वर्ल्ड या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी राजघराण्यातल्या, राजकारणातल्या आणि सर्वसामान्य माणसांचेही व्हॉइसमेल चोरून ऐकले; दुसऱ्या फोनवरून पेटी उघडायची आणि कंपनीने दिलेला, मालकाने न बदललेला पिन टाकायचा, ही त्यातली एक सरळ पद्धत होती. हे प्रकरण उघड झाल्यावर जुलै २०११ मध्ये ते साप्ताहिक बंद झाले. २०१८ मध्ये इस्रायलच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आणखी एका प्रकाराबद्दल इशारा दिला. चोर तुमच्या क्रमांकाने व्हॉट्सअ‍ॅप उघडू पाहतो, पडताळणीचा आकडा फोनवर ऐकवण्याचा पर्याय निवडतो, तुम्ही झोपेत किंवा विमानात असल्यामुळे तो आकडा व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो आणि चोर सोपा पिन टाकून तो ऐकतो. सोळा-अठरा तास विमानात असणारा भारतीय प्रवासी या डावाला सहज बळी पडू शकतो. म्हणून पिन अवघड ठेवावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी.

निरोपच खोटा असणे ही वेगळी गोष्ट. कर बुडवल्याबद्दल अटक होईल, व्हिसा रद्द होईल, सोशल सिक्युरिटी क्रमांक गोठवला जाईल, लगेच या क्रमांकावर फोन करा, अशा निरोपांनी नवागत माणूस घाबरतो, आणि दूर भारतात असताना अधिकच घाबरतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे टाकले, तिथून अमेरिकी करखात्याच्या नावाने अमेरिकेतील लोकांना धमकावून पैसे उकळले जात होते. असा निरोप आला तर त्यातल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्या वकिलाला किंवा कंपनीच्या संबंधित विभागाला ईमेल करून विचारावे. बँकेच्या निरोपाबाबतही कार्डाच्या मागे छापलेला क्रमांकच वापरावा. ८००, ८८८, ८७७ अशा आकड्यांनी सुरू होणारे अमेरिकेतील विनामूल्य क्रमांक भारतीय सिमवरून अनेकदा लागत नाहीत. वाय-फाय कॉलिंगवरून लागतात, आणि बहुतेक क्रेडिट कार्डांच्या मागे परदेशातून लावायचा वेगळा क्रमांकही दिलेला असतो. भारतात असताना कोणी अनोळखी माणसाने *४०१ सारखे काही आकडे लावायला सांगितले तर ते मुळीच लावू नयेत, कारण त्याने तुमचे फोन दुसऱ्याकडे वळवले जातात. अशा फसवणुकीमुळेच भारताच्या दूरसंचार विभागाने या प्रकारे फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश दिला होता.

परतल्यावर

अमेरिकेत उतरल्यावर एअरप्लेन मोड काढावा, भारतीय सिमची लाइन बंद करावी आणि फोन कंपनीच्या नेटवर्कला नीट जोडला गेला आहे हे पाहावे. गूगल व्हॉइसकडे फोन वळवले असतील तर एटी अँड टी आणि टी-मोबाइलवर ##००४#, व्हेरायझनवर *७३ लावून ते पूर्ववत करावेत आणि पहिल्या दोन कंपन्यांवर पुन्हा एकदा *#६१# लावून आधी लिहून ठेवलेला क्रमांक दिसतो का ते ताडून पाहावे. तो दिसत नसेल तर निरोप कुठेच साठत नसण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून पेटी पुन्हा जोडून घ्यावी. प्रवासात आईच्या किंवा भावाच्या फोनवरून पिन टाकला असेल, तर काही फोनच्या कॉल नोंदीत दाबलेले आकडे राहतात. त्यामुळे पिनही त्याच वेळी बदलून टाकावा.